इराणच्या बाईचं गाठोडं

मी हसले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कितीही तणतणले तरी वाचणाऱ्याला माहीत असेल की त्या पापात माझाही वाटा आहे.

दिवाळीच्या सुट्टीत शहरात शिक्षकांसाठी एक चित्रपट रसास्वाद शिबिर होतं. सुट्टी मोडून जायला तालुक्यातलं दुसरं कुणी तयार होईना, म्हणून माझं नाव पुढे गेलं. मी मोखाडा तालुक्यात, पोशेऱ्याच्या पलीकडच्या एका वाडीवर शाळेत शिकवते. माझं माहेरही त्याच वाडीतलं. सिनेमा म्हटला की मला एसटीत लागणारे सिनेमे माहीत, त्यातही घाट आला की कंडक्टर बंद करायचा. आणि तिथे आठवडाभर आम्हाला दाखवले इराणच्या एका दिग्दर्शकाचे सिनेमे. जगभर मान मिळालेला माणूस. सिनेमे मात्र असे, की पहिल्या दिवशी अर्धा वर्ग पेंगला. ना गाणं, ना मारामारी. एक म्हातारा विहिरीतला गाळ काढतोय तर काढतोयच.

मी पेंगले नाही. मी पहिल्या पाच मिनिटांतच सरळ बसले. कारण तो डोंगर मला माहीत होता. ती धुळीची वाट, तो न येणारा टेम्पो, चहा पुढे ठेवून गप्प बसणारी माणसं, सगळं जव्हार उतरून आमच्याकडे यावं तसं. त्या माणसाला कसलीच घाई नव्हती, आणि गरीब माणूस दाखवताना त्याला त्याची कीव येत नव्हती. कीव न करता आमच्याकडे बघणारं कुणी मी तोवर पाहिलं नव्हतं.

शेवटच्या दिवशीच्या सिनेमात एक बाई आपलं बिघडलेलं शिलाई मशीन चादरीत बांधून, पाठीवर घेऊन, डोंगर उतरून बाजाराच्या गावी जाते. दुकानदार तिला आत घेतो आणि दार लावून घेतो. कॅमेरा बाहेरच. पुढच्या प्रसंगात बाई परत निघालेली, पाठीवर तेच गाठोडं, आणि सहा-सात मिनिटं ती आपल्याकडे पाठ करून लांबवर डोंगर चढत राहते. संपला सिनेमा. मशीन दुरुस्त झालं की नाही, यावर शिबिरात दोन सत्रं वाद झाला. कुणी म्हणालं झालं, कुणी म्हणालं नाही, आणि व्याख्यात्यांनी निकाल दिला की ते कुणालाच कळू शकत नाही, अनिश्चितता हाच त्या कलाकृतीचा अर्थ. आम्ही सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

चहाच्या वेळी मी त्यांना विचारलं, "सर, हे सिनेमे मी माझ्या वाडीत दाखवू का?"

ते गोड हसले. म्हणाले, "बाई, गाढवाला गुळाची चव काय?"

सगळे हसले, आणि मीही हसले. माझ्या आईबापाला, माझ्या आत्याला, अख्ख्या वाडीला तो माणूस गाढव म्हणाला आणि मी कपबशी सांभाळत हसले. परतीच्या गाडीत मात्र जव्हार येईपर्यंत माझ्या अंगाची नुसती आग होत होती. पेन ड्राइव्हवर ते सिनेमे मी मागून घेतले होते. ठरवलं, आता दाखवणारच.

शाळेला एका संस्थेने प्रोजेक्टर दिलेला होता. दर रविवारी दुपारी वर्गाच्या खिडक्यांना गोधड्या टांगायच्या, भिंतीवर धोतर ताणायचं आणि सिनेमा लावायचा, असं मी सुरू केलं. सिनेमाखालची इंग्रजी अक्षरं मी मोठ्याने आमच्या बोलीत वाचायची. दिवाळीनंतर निम्मी वाडी वीटभट्टीवर जाते, त्यामुळे सुरुवातीला मागे राहिलेल्या सात-आठ म्हाताऱ्याच होत्या. सगळ्यांत पुढे माझी आत्या. वडिलांची मोठी बहीण, वाडीतच दिलेली, जमिनीचा तुकडा नाही, जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर राबलेली. मी लहान असल्यापासून तिच्या धाकात आहे.

पहिल्या रविवारी मी फार शहाणपणा केला. दर पाच मिनिटांनी सिनेमा थांबवायचा आणि सांगायचं, आता बघा, इथे दिग्दर्शकाने शांतता वापरली आहे. तिसऱ्या वेळी आत्या कावली.

"पोरी, संबळवाल्यानं संबळ वाजवायचा. नाचाचं काम सोंगाचं. तू नुसतं वाच."

आमच्याकडे उन्हाळ्यात बोहाडा असतो. देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून एकेक सोंग निघतं, दहा पावलं पुढे आणि चार मागे असं नाचत जातं आणि परत फिरतं. कुठलं सोंग कुठल्या घराने घ्यायचं ते पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. आत्याच्या घरात एका राक्षशिणीचं सोंग आहे, आधी तिचा नवरा घ्यायचा, आता मुलगा घेतो. आणि आमच्या वाडीचा एक नियम आहे. निघालेलं सोंग परत आपल्या जागी जाईपर्यंत बसलेल्याने उठायचं नाही. पाय आखडले तरी नाही. त्यामुळे सिनेमा सावकाश चालतो म्हणून आमच्या म्हाताऱ्या कुरकुरल्या नाहीत. त्यांना घाईचीच सवय नव्हती.

विहिरीवाला म्हातारा बघून झाल्यावर आत्याने विचारलं, "ह्या म्हाताऱ्याचं सोंग कोणाचे घरात आहं?"

मला हसू फुटलं. मी समजावू लागले, की आत्या, सिनेमात तसं नसतं, पैसे देऊन नट आणतात. आणि बोलता बोलताच माझी जीभ अडखळली. कारण शिबिरात सांगितलं होतं की हा दिग्दर्शक नट घेतच नाही. तो म्हातारा खरोखरीच विहिरीतला गाळ काढणारा होता आणि त्याचा बापही तेच करायचा. म्हणजे सोंग त्याच घरातलं होतं! हेच सांगायला एका प्राध्यापकाने आमचे दीड तास खाल्ले होते. मी कान पकडला आणि त्या दिवसापासून नुसतं वाचायला लागले.

होळीला भट्टीवरची माणसं परतली, बोहाडा झाला, आणि रविवारची गर्दी वर्गात मावेना. तेव्हा केंद्रप्रमुखांचा फोन आला. आमच्या आसपासच्या शाळा त्यांच्या देखरेखीखाली असतात. माणूस दुष्ट नाही, याच तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, मास्तरकी करत वर चढलेला. म्हणाले, "बाई, प्रोजेक्टर अभ्यासासाठी आहे. इराणी सिनेमे काय लावता? मी रविवारी येतो. लोकांना समजत असेल तर राहू द्या. नसेल तर तालुक्याला जमा करू."

त्या रविवारी मी शिलाई मशीनवाला सिनेमा लावला. सगळ्यांत अवघड, म्हणून तो मी इतके दिवस मागे ठेवला होता. सोपा लावून लबाडी करायची नव्हती. साहेब लवकर आले, चहा घेतला, शाळेची शेरेबही, म्हणजे तपासणीला येणाऱ्याने अभिप्राय लिहायची वही, मागून तिच्यात काहीतरी लिहिलं आणि मागे खुर्ची टाकून बसले. चाळीसेक माणसं होती, बायकाच जास्त.

सिनेमा सुरू झाला. बाईने मशीन पाठीवर घेतलं. वर्गात चिडीचूप. साहेब थोडा वेळ पडद्याकडे बघत होते, मग फोनकडे, मग लोकांकडे. कुणी हसेना, कुणी बोलेना. दुकानाचं दार लागलं, बाई परत निघाली, डोंगराचा तो लांबलचक चढ सुरू झाला आणि साहेब उठले. त्यांनी पुढे येऊन सिनेमा थांबवला.

"पुरे, बाई. लोकांचा जीव घेऊ नका. बिचारी भिडेपोटी बसलीत." असं म्हणून त्यांनी प्रोजेक्टरची वायर काढून स्वतःच्या फोनला जोडली आणि एक नाचगाणं लावलं. भिंतीवर रंगीत दिवे नाचू लागले. साहेब कौतुकाने लोकांकडे वळले.

कुणी हललं नाही. पोरंसुद्धा आत्याच्या तोंडाकडे बघत होती.

आत्या म्हणाली, "साहेब, सोंग परत नाय गेलं."

"काय?"

"ती बाई अजून वाटेतच आहं. तिला घरी पोचू दे. मग उठू."

साहेब समजुतीने म्हणाले, "आजी, पुढे काहीच नाही हो. ती नुसती चालते."

"मग चालू दे."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. बाई, तुम्ही सांगा यांना, अशी ती नजर होती. तशीच नजर मला शिबिरातल्या चहाच्या वेळची आठवली, सगळे हसत असतानाची. या वेळी मी हसले नाही. मी पुढे झाले, त्यांच्या फोनची वायर उपटली आणि सिनेमा जिथे थांबला होता तिथून लावला. साहेब तोंड उघडं टाकून तसेच उभे राहिले.

बाई चढू लागली. लांबवर, पाठमोरी, पाठीवर गाठोडं. मिनिटभर गेलं असेल, आणि दुसऱ्या ओळीतली एक बाई आपल्याशीच बोलावं तसं म्हणाली, "ओझं नाय."

शेजारची म्हणाली, "नाय ना. मशीन नाय त्यात."

मग चारी बाजूंनी सुरू झालं. सकाळी उतारालासुद्धा ती दगड बघून गाठोडं टेकवत होती, आता चढाला टेकवत नाय. लोखंड असतं तर मान पुढं आली असती. पाऊल बघ कसं पडतं, टाच उठते. जन्मभर डोक्यापाठीवर मोळ्या, विटा आणि पाणी वाहिलेल्या त्या बायका, त्यांना हे कळायला कुणाच्या निकालाची गरज नव्हती.

"विकलं बाईनं," आत्या म्हणाली.

दोन सत्रं वाद घातला होता आम्ही! वहीत लिहून घेतलं होतं, की कळू शकत नाही. त्या इराणच्या माणसाने सगळं स्वच्छ दाखवलं होतं. ज्यांनी कधी ओझं उचललं नाही, त्यांना ते दिसलं नव्हतं. आणि मी ओझी वाहिलेल्या घरातली, पण त्या खुर्चीत बसून मीही त्यांच्याच डोळ्यांनी बघत होते.

"पण गाठोडं तर तसंच आहे," साहेबांनी विचारलं. ते अजून उभेच होते.

"पेंढा भरला असंल आत. गाठोडं दिसाया पायजे. वाटेत लोक विचारतात, घरात सासू बसलेली असते."

"हे तुम्हाला कसं कळलं, आजी?"

आत्याने पडद्यावरची नजर काढली नाही. "मी आलेय ना तशी. जव्हारवरनं. पातेलं विकून."

आत्याचं ते पितळेचं मोठं पातेलं. लग्नकार्याला सगळी वाडी मागून न्यायची. मी शिक्षिकेच्या कोर्ससाठी जव्हारला गेले त्या वर्षी ते दिसेनासं झालं. कुणी मागायला आलं की आत्या म्हणायची, कल्हईला दिलंय. वर्ष गेलं, दोन गेली, पातेलं कल्हईलाच. मी तिला चिडवायचे, काय गं आत्या, कल्हईवाला इराणला गेला का? तीही हसायची. माझी फी कुठून आली, हे वडील म्हणायचे मजुरीतून, आणि मी कधी पुन्हा विचारलं नाही. तो बाजारहाटाचा दिवस, ते पाठीवरचं फुगलेलं गाठोडं मला आठवतं, मी अंगणात उभी होते. मलाही दिसलं नव्हतं.

मला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त. त्या व्याख्यात्याचा, साहेबांचा, आणि सगळ्यांत जास्त माझा.

बाई डोंगरमाथ्यावर पोचली, पलीकडे उतरली आणि पडदा काळा झाला. मग आत्या गुडघ्यावर हात ठेवून उठली, आणि तिच्यामागे सगळी उठली.

लोक गेल्यावर मी शेरेबही उघडली. साहेबांनी आल्या आल्या, सिनेमा सुरू होण्याआधीच लिहून ठेवलं होतं: सदर चित्रपटांचे ग्रामस्थांना आकलन होत नाही. प्रोजेक्टर तालुक्यास जमा करावा. खाली सही. मी वही त्यांच्यापुढे धरली. ते ओशाळले. "बाई, आता लिहिलेलं खोडता येत नाही. उद्या माणूस पाठवतो."

शेरेबहीत शिक्षकाने लिहायचं नसतं. मी लिहिलं, साहेबांच्या समोर, त्यांच्याच सहीखाली: बाईच्या गाठोड्यात मशीन नव्हते. हे ग्रामस्थांना दिसले, साहेबांना व मला दिसले नाही. प्रोजेक्टर जमा होणार नाही. मग मी आत्याला बोलावलं, वाचून दाखवलं आणि शाईचं पॅड पुढे केलं. माझ्या शिक्षणासाठी जिने पातेलं विकलं, तिला सही करायला शिकवायला मला इतक्या वर्षांत सवड झाली नव्हती. तिने अंगठा असा दाबला की मागच्या पानावरही उठला.

सोमवारी माणूस आला. मी त्याच्यापुढे शेरेबही ठेवली. त्याने दोन्ही शेरे वाचले, अंगठा बघितला आणि हळूच विचारलं, "खरंच नव्हतं मशीन?"

"रविवारी या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा," मी म्हटलं. "प्रोजेक्टर इथेच असेल."