टोपली रिकामी होईपर्यंत

माझी शाळा चौथीत सुटली, आणि ती आईने सोडवली. वडील बोटीवर, आई एकटी. बोईसरजवळच्या नवापूरच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायला तिला आणखी दोन हात हवे होते, ते माझे निघाले. धाकटी बहीण तेव्हा पहिलीत होती. "एकीला तरी शिकवीन," असं आई गावभर सांगत सुटली होती. दुसरीचं काय, हे कुणीही विचारलं नाही.

बोंबील वाळवायचे म्हणजे एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी वलांडीवर, म्हणजे बांबू रोवून ताणलेल्या दोरीवर टाकायची. दिवसभर तेच. दुपारी शाळा सुटली की आई बहिणीला शेजारी बसवायची, पुस्तक उघडायला लावायची आणि म्हणायची, "ही टोपली रिकामी व्हईपर्यंत वाच. थांबलीस तर बग." आईला घड्याळ कळत नव्हतं, अक्षर तर नाहीच. पण वाचन मोजायला तिला टोपली पुरत होती. पोर अडखळली नाही म्हणजे अभ्यास झाला. आजूबाजूच्या बायका हात थांबवून ऐकायच्या, आणि आईचा चेहरा असा फुलायचा की मला तिचा राग यायचा. माझ्यासाठी तो कधी फुलला नव्हता.

एका दुपारी टोपली उचलायला मी बहिणीच्या मागून गेले. ती गाईचा धडा म्हणत होती, बोट ओळीवरून झोकात सरकत होतं, आणि पानावर चित्र होतं आगगाडीचं. मी तिथेच उभी राहून पुढचे दोन धडे ऐकले. बयेला अख्खं पुस्तक तोंडपाठ होतं! वर्गात पोरं एका सुरात ओरडायची, ते तिने कानांनी उचललं होतं. अक्षर मात्र एक येत नव्हतं.

मी आईला सांगितलं. खारट हाताची थप्पड बसली. "तुजी शाला सोडवली म्हून तिच्यावर जलतेस?"

खोटं कशाला बोलू, जळत तर होतेच. पण सांगितलं ते खरं होतं. त्या थप्पडीनंतर मी ठरवलं, आता काही झालं तरी तोंड उघडायचं नाही.

त्याच आठवड्यात बहीण आपणहून माझ्याकडे आली. आई बाजाराला गेली होती. पुस्तकातल्या एका शब्दावर बोट ठेवून ती हळूच म्हणाली, "ताई, ह्या काय लिवलाय?"

मला वाचता येत होतं. मी हातातली जोडी दोरीवर टाकली आणि म्हटलं, "आईला इचार. ती शिकवते ना तुला."

ती पुस्तक मिटून गेली. पुन्हा कधी विचारायला आली नाही.

चौथीपर्यंत ती पाठांतरावर तरली. पाचवीला बोईसरच्या शाळेत मास्तरांनी मधलंच एक पान उघडून वाचायला सांगितलं आणि सगळं उघडं पडलं. दोनदा नापास होऊन ती घरी बसली. आई मास्तरांना शिव्या घालत राहिली, आणि बहिणीच्या डोक्यावर मासळीची टोपली आली. बाजारातून परतताना ती प्रत्येक एसटीच्या कंडक्टरला विचारायची, नवापूरची हीच का म्हणून.

मी लग्न होऊन बोईसरला आले. नवऱ्याने आग्रह धरला म्हणून बाहेरून परीक्षा दिल्या आणि बालवाडीत लागले. पोरांच्या आयांना मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे, मूल धडाधडा वाचतं म्हणून खूश होऊ नका. मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारा, आणि अडलं तर रागावू नका, जवळ बसा. लोकांच्या पोरांसाठी मला हे सगळं सुचत होतं.

एका सुट्टीत बहीण तिच्या पहिलीतल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. "बग तरी, कशी वाचते," ती म्हणाली. पोर सुरू झाली. सूर तोच. मी ओळीतल्या मधल्या शब्दावर बोट ठेवलं आणि पोर गप्प झाली. मग मी तिला मांडीवर घेतलं, एकेक अक्षर दाखवलं, तिने जुळवून शब्द वाचला. मग दुसरा. तिसऱ्याला माझं बोट लागलंच नाही, ती स्वतःच पुढे सरकली.

बहीण माझ्या हाताकडे बघत होती. म्हणाली, "इतकाच व्हता ना, ताई? मग मला तवा का नाय दाखवलास?"

आईला सांगितलं होतं, थप्पड खाल्ली होती, हे सगळं माझ्या तोंडाशी आलं. पण ती आईबद्दल विचारत नव्हती.