अक्काच्या तोंडातली माती

“खाऊन दाखव,” साहेब म्हणाला.

चावडीपुढं पांढरं कापड अंथरलं होतं. त्यावर मातीचा ढीग. ढिगाच्या अलीकडं साहेब कॅमेरा घेऊन उभा, पलीकडं माझी थोरली बहीण, अक्का. पोटुशी, सातवा महिना. डोक्यावरचा पदर दातात धरून ती खाली बघत होती. भोवती सगळं गाव.

“लाजतेस काय? घरी खातेसच ना? तशीच खा. फोटो काढायचाय.”

लोक हसले. मी अक्काच्या मागं उभी होते. मला नुकतं न्हाण आलं होतं. कळत सगळं होतं, बोलायची मात्र सोय नव्हती.

हे बहात्तरच्या दुष्काळानंतरचं. सोलापूर जिल्ह्यात, मंद्रूपच्या पुढं आमचं गाव. सरकारच्या पैशातून संशोधन निघालं होतं. मातीचा कस आणि माणसाची तब्येत, यांचा काही संबंध आहे का ते शोधायचं. काम चांगलंच होतं, त्याला मी नावं ठेवत नाही. रानारानातली माती पाट्यांतून आणायची, कापडावर ओतायची, मिसळायची. ढिगाचे चार वाटे करून समोरासमोरचे दोन फेकायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे. असं करत शेवटी पिशवीभर उरते ती गावाची माती. ती पुण्याला जाणार. तिच्याबरोबर गावातल्या माणसांचं रक्त, बाटल्यांतून.

रक्त द्यायला वरच्या आळीतलं कुणी तयार होईना. सुईला भीत होते. मग तलाठ्यानं महारवाड्याकडं बोट केलं. आम्हाला कोण विचारतंय?

माझ्या आबानं मात्र हात जोडून विचारलं होतं, “सायेब, आमच्या बी रानातली पाटीभर घ्या की.”

आमचं रान म्हणजे हाडकी. गावची मेलेली ढोरं ओढायच्या बदल्यात मिळालेली जमीन. पांढरी, खारट. ज्वारी गुडघ्याएवढी वाढायची आणि थांबायची. आम्ही तिच्यावरच जगत होतो.

साहेबाच्या आधी तलाठीच बोलला. “ती माती ह्या कापडावर? मग पाटील आपली देतील व्हय?”

साहेबानं पाटलाकडं पाहिलं. पाटलाकडंच तो उतरला होता, पाटलाकडंच जेवत होता. “राहू दे,” तो म्हणाला. “गावाची माती मिळाली. तेवढी पुरे.”

माती गावाची घेतली आणि रक्त आमचं.

अक्का माती खायची, हे खरं आहे. आमच्याकडं पोटुशा बायांना डोहाळे लागले की चुलीची भाजकी माती खातात. अक्काला हाडकीतलीच लागायची. कामावरून येताना पदराच्या ओट्यात ढेकूळ घेऊन यायची. आय रागावायची, “अगं, अंगात रगत न्हाय आन् वर माती खातीस?” अक्का हसायची. “जीव मागतुया गं आय. मी काय करू?” आणि कचकच चावायची. ही गोष्ट साहेबाच्या कानावर गेली, म्हणून हा फोटो.

“अगं, ही समोरची घे,” साहेब म्हणाला.

अक्का वाकली. ढिगातली चिमूटभर माती तिनं तोंडात टाकली.

“मुट्टबेड!” पाटील चिडला की आधी कानडीत ओरडायचा. “शिवू नगं! बाटवला की समदा ढीग!”

अक्का तशीच थांबली. थुंकावं की गिळावं, तिला कळेना. डोळे फाटलेले, ओठांना माती. तेवढ्यात साहेबानं फोटो काढला.

मग त्यानं सांगितलं, “दुसरी माती आणा.”

सगळा ढीग गटारात ओतला. कापडावर गोमूत्र शिंपडलं. ज्या मातीत ढोरं हागतात, ती माझ्या बहिणीच्या दोन बोटांनी बाटली. आणि लगेच त्याच बहिणीचं रक्त काढलं. साहेबाबरोबरचा कंपाउंडर तिचा दंड धरेना, म्हणून तो मी धरला. बाटली पेटीत ठेवताना कुणाला विटाळ झाला नाही.

अक्का बाळंतपणात गेली. सोलापूरच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपली, पण गावची शीव ओलांडायच्या आत ती संपली. रक्त थांबत नव्हतं. पोर रडलंच नाही. दोघांना हाडकीच्या कडेला पुरलं. माती लोटताना मला तिच्या दातांची कचकच ऐकू आली. अजून येते. भाकरीत कच लागली की मी घास टाकून उठते.

पुढल्या वर्षी साहेब पुन्हा आला. तेच कापड, तसाच ढीग. चावडीत त्यानं आधी निकाल सांगितला. “तुमच्या गावाची माती कसदार आहे. तरीही खालच्या वस्तीतल्या बायकांच्या अंगात रक्त नाही. म्हणजे दोष मातीचा नाही, सवयींचा आहे. घाण, अज्ञान, माती खाणं.”

लोकांनी माना डोलावल्या. पाटील तर पोराचा पहिला नंबर आल्यासारखा खूश.

मग रक्तासाठी नावं पुकारली. पहिलंच नाव अक्काचं.

साहेबानं पुन्हा पुकारलं.

“ती मेली की,” तलाठी म्हणाला.

“अरे. मग तिच्या घरातली दुसरी कुणी द्या.”

तलाठ्यानं मला पुढं ढकललं. “ही भन तिची. हिचं घ्या.”

“हात लांब कर,” कंपाउंडर म्हणाला.

मी हात पुढं केलाही होता. पण ते नाव कानातून जाईना. वाटलं, आता गर्दीतून अक्का येईल, पदर दातात धरून, ‘हाय की मी’ म्हणत. मला कचकच ऐकू आली. मी वळले आणि पळत सुटले. पोरगी सुईला भ्याली म्हणून लोक हसले.

हाडकीच्या कडेला गेले. अक्कावरची माती दोन्ही हातांनी उकरली, ओटा भरला, चावडीपुढं आले आणि त्यांच्या ढिगावर ओतली.

“मिसळा,” मी म्हणाले. “ह्यात आमची अक्का हाय. करा आता चार वाटे.”

पाटलाच्या गड्यानं माझ्या मुस्काटात मारली. ओठ फुटला. साहेब ओरडला, “मूर्ख मुली, सरकारी काम नासवलंस!”

“आधी आमची माती,” मी म्हणाले. “मग रगत.”

त्यांनी ढीग फेकला, कापड जाळलं. दुकानदारानं आम्हाला मीठ द्यायचं बंद केलं. आय रडत म्हणाली, “हात दिला असतास तर काय झालं असतं गं?” माझ्याकडं नुसता राग होता. तो आजही आहे.

तो फोटो कुठल्यातरी सरकारी कपाटात असेल. तोंडात पाटलाची माती घेऊन अक्का अजून तशीच उभी असेल, आणि खाली लिहिलं असेल: अज्ञान. मला ते सहन होत नाही.

आता वस्तीत कुणी रक्त तपासायला आलं की दारात मीच उभी राहते. एकच विचारते, माती कुठली घेतली? आमची त्या ढिगात पडल्याशिवाय हात पुढं होणार नाही. माझा नाही, माझ्या लेकीचाही नाही.