तिसऱ्या मजल्यावरची राखलेली जागा

अजून न बांधलेल्या इमारतीत चप्पल काढून शिरणारा माणूस जगाच्या पाठीवर एकच झाला असेल, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आमचे आतोबा मालाडच्या ऑफिसात नकाशे जुळवायचे. आर्किटेक्टच्या भिंती, स्ट्रक्चरवाल्यांचे खांब, इलेक्ट्रिकलच्या वायरी आणि त्याच ऑफिसात प्लंबिंगचे नकाशे काढणाऱ्या माझे पाइप असं सगळं वेगवेगळ्या फायलींतून यायचं, आणि दर सोमवारी आतोबा ते एकात एक बसवून कॉम्प्युटरवर अख्खी इमारत उभी करायचे. दोन वस्तू एकाच जागी आल्या की तिथे लाल ठिपका उमटायचा. या कामाला ते पंगत बसवणं म्हणत. पंगतीआधी चपला टेबलाखाली जायच्या, आणि पडद्यावरच्या कुणाच्या बाथरूममध्ये शिरायचं झालं तर आतोबा आधी खोकायचे. एकदा एक बीम सरळ न्हाणीघरात घुसला, तर स्ट्रक्चरच्या साहेबांना फोनवर म्हणाले, "अहो, निदान कडी तरी वाजवायची!"

आम्ही पोट धरून हसायचो. कांदिवलीच्या एका साइटवर मात्र माझं हसू आटलं. उघडा स्लॅब, वर आभाळ, टळटळीत दुपार. आतोबा चालता चालता एका जागी वाकले आणि दोन पावलांनी पुन्हा सरळ झाले. "जिन्याचा बीम आहे ना रे, डोकं आपटेल," म्हणाले. तिथे काहीही नव्हतं. चार महिन्यांनी तो बीम आला आणि त्याच जागी मलाही वाकावं लागलं.

पुढे आतोबांचीच चारकोपची जुनी बिल्डिंग पाडून नवी बांधायचं काम आमच्याकडे आलं. आत्याला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत तिचा झोपाळा होता. संध्याकाळी दोघं त्यावर बसून भांडत भांडत वाटाणे सोलायची. नव्या नकाशात त्याच उंचीवर माझा सांडपाण्याचा पाइप लाल व्हायला लागला. तिथे तर पाइपांसाठीच सोडलेली मोकळी डक्ट होती. मी पाइप वळवला, लाल गेला. मग बाकीच्या फायली उघडल्या, तर खांब बाजूला सरकलेला आणि आगीच्या पाण्याची लाइनही वळसा घालून गेलेली. जागा दुसऱ्या कुणाची तरी असेल असं प्रत्येकाला वाटलं होतं, आणि कुणीच कुणाला विचारलं नव्हतं. मधे पलंगाएवढी पोकळी उरली होती.

आतोबा अजिबात ओशाळले नाहीत. "मीच ठेवलाय नकाशात तिथे डबा. रिकामा, न दिसणारा. जुन्या बिल्डिंगची मापं नव्यात बसवली, तिचा झोपाळा बरोबर तिथे येतो. आणि तुझा पाइप, गाढवा, सरळ तिच्या मांडीतून जात होता!"

मी म्हटलं, "डबा फायनल नकाशात राहणार नाही, आतोबा."

"काढतोच आहे. तुम्ही सगळे वळलात ना, बस्स." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण तो दिवा कोणी दिला रे?"

पोकळीच्या मधोमध खरंच एक दिवा होता. इलेक्ट्रिकलच्या मुलीला बोलावलं. ती म्हणाली, "काका, तुमच्या घरूनच फोन आला होता ना? बाई म्हणाल्या, तिथे अंधार होतो."

आतोबांच्या घरी आता कुणीही बाई नव्हती. ते नुसते आपल्या अनवाणी पायांकडे बघत बसले.

डबा निघाल्यावर आमच्या ऑफिसचे साहेब मला म्हणाले, "हा वळसा कशाला? पाइप सरळ कर." नोकरीत पहिल्यांदाच मी धडधडीत खोटं बोललो. "मधे अडचण आहे, सर."

नव्या घराचा ताबा मिळायच्या आधीच आतोबा गेले. गेल्या महिन्यात तपासणीसाठी मी भर दुपारी तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि डक्टचं दार उघडलं. पाइप मी नकाशात काढला होता तसाच अंग चोरून वळला होता. दिवा लागलेला होता, आणि आत एका लयीत काहीतरी कुरकुरत होतं. पाइपांचे सगळे आवाज मी ओळखतो. तो पाइपचा नव्हता.

मी बूट काढले. जरासा खोकलो. "बसा तुम्ही दोघं," म्हटलं, "मी निघतोच आहे." आणि दार हळूच लोटून घेतलं.