इंजिन निवेपर्यंत

निवूदेकाकांना मी फसवलं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर त्यांचं कौतुक करता करता ते सोयीस्करपणे राहून जाईल.

घडियाळी पोळमध्ये, आमच्या जुन्या अरुंद गल्लीत, ते आमच्या समोर राहतात. रेल्वेच्या डिझेल शेडमधून निवृत्त झालेले. आवाज मोठा, बढाया त्याहून मोठ्या. सावली गावाकडे कुणाला जुना ट्रॅक्टर घ्यायचा असला की तो काकांना सोबत न्यायचा. काका ‘केम छो’ म्हणायच्या आधी इंजिनावर तळहात ठेवत. कोमट लागलं की शेजारच्या खाटेवर बैठक मारत. "निवू दे. चा मूको, पिऊन होईपर्यंत बसतो. झोपेतून उठल्यावर हा कसा खोकतो ते मला ऐकायचंय." आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनाचं दुखणं लपतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. विकणारा चरफडे. एकाने टोमणा मारला, "काका, ट्रॅक्टर जोवा आव्या छो के छोकरी?"

"छोकरी बघायला आलो असतो तर पोहे तरी मिळाले असते!"

ही खोड घरीही सुटली नव्हती. मी ऑफिसातून आलो की ओट्यावरून उठून माझ्या स्कूटरच्या इंजिनावर हात ठेवत आणि म्हणत, "सयाजीगंजच्या ऑफिसातून सरळ घरी नाही आलास, इंजिन कोमटच आहे. कुठे थांबला होतास?"

वडील गेल्यावर आमच्या सावलीच्या शेतावरचा ट्रॅक्टर मी विकायला काढला. थंड असताना तो सुरू व्हायला रडायचा आणि झाला की पांढरा धूर ओकायचा. शेजारच्या गावचे रमणभाई बघायला येणार होते. मी पहाटेच जाऊन इंजिन चांगलं तापवून ठेवलं. रमणभाईंसोबत काका येतील, हे मला माहीत नव्हतं. काका उतरले तेव्हा मी ट्रॅक्टरपुढे जाऊन उभा राहिलो.

काकांचा हात सवयीने इंजिनाकडे गेला, वाटेत थांबला आणि माझ्या खांद्यावर आला. "रमणभाई, हे घरचं पोर आहे. इथे काय हात लावायचा? लई लो, घेऊन टाका."

ट्रॅक्टर एका फटक्यात सुरू झाला. मी हसलोसुद्धा.

थंडी पडली आणि ऐन पेरणीत रमणभाईंचा ट्रॅक्टर उठेना. ते पोळमध्ये आले आणि काकांनीसुद्धा फसवलं म्हणून ओट्यासमोर सगळ्यांदेखत विचारलं, "काका, तमे पण?"

"त्या पोराला यातलं काय कळतंय? हात मी लावला नाही. चूक माझी," काका म्हणाले.

मी वरच्या खिडकीत होतो. खिडकी हळूच लावून घेतली.

त्यानंतर सावलीहून काकांना न्यायला कुणी आलं नाही. मी स्कूटर लावायचो, तेव्हा त्यांचे हात मांडीवरच असायचे. ते मला सोसेना. एका संध्याकाळी त्यांच्याजवळ बसलो. "काका, त्या दिवशी इंजिन गरम होतं. मीच तापवलं होतं."

काका म्हणाले, "मला कशाला सांगतोस? रमणभाईंनी मला चारचौघांत विचारलं होतं."

रविवारी आम्ही दोघे रमणभाईंच्या गावी गेलो. अंगणात तो ट्रॅक्टर उभा होता. काका त्याच्याकडे न बघता खाटेवर बसले. चार शेजारी जमेपर्यंत मी थांबलो. मग उभा राहिलो.

"रमणभाई, भूल मारी हती, काकानी नहीं. एन्जिन में गरम करी राख्युं हतुं. मने माफ करो."

आणि वळून, आमच्या भाषेत, "काका, तुम्हीही."