शिंदेकाकूंची लॅम्प टेस्ट

शिंदेकाकू गाडीत बसल्या की आधी पट्टा लावायच्या, पर्स मांडीवर घ्यायच्या आणि शेजारी स्टिअरिंगवर बसलेल्या शिंदेकाकांना हुकूम सोडायच्या, "हं, किल्ली फिरवा. इंजिन नको, नुसती किल्ली." काका निमूटपणे किल्ली अर्ध्यावर फिरवायचे. समोरच्या पॅनेलवर लाल-पिवळे दिवे एकदम उजळायचे. काकू मान पुढे काढून डावीकडून उजवीकडे एकेक दिवा बघायच्या, मग ते विझताना पुन्हा बघायच्या, आणि सगळं मनासारखं झालं की म्हणायच्या, "चला आता." देवाला हात जोडून निघणारे पुष्कळ पाहिलेत. डॅशबोर्डची हजेरी घेऊन निघणारी बाई मी एकच पाहिली.

आमची ओळख पार्किंगनं करून दिली. सीवूड्सच्या आमच्या सोसायटीत बिल्डरनं एकाच गल्लीसारख्या जागेत दोन-दोन गाड्या कोंबल्यात, एकामागे एक. आतली जागा माझी, बाहेरची शिंद्यांची. म्हणजे ते निघाल्याशिवाय मला निघता येत नाही. दोन्हीकडे भिंत, मागे भिंत, पुढे शिंदे. राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी मी वैतागून हॉर्न वाजवत बसले होते. थोड्या वेळानं काठी टेकत एक बारीकशी बाई माझ्या काचेशी आली आणि शांतपणे म्हणाली, "आम्ही लिफ्टमधे होतो. लिफ्टला हॉर्न ऐकू जात नाही." मी ओशाळले. पुढे कळलं की आठवड्यातून तीनदा त्या डायलिसिससाठी वाशीला जातात. माझं ऑफिसही वाशीलाच. मग त्या तीन दिवसांत मी माझी गाडी काढायच्या फंदातच पडेनाशी झाले आणि सरळ त्यांच्या मागच्या सीटवर बसू लागले.

किल्लीचा तो विधी काय, हे मी एकदा विचारलं. "लॅम्प टेस्ट," काकू म्हणाल्या. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी कंट्रोल रूममध्ये काढली होती. बायकांना रात्रपाळी नसे, म्हणून त्यांची कायम सकाळची पाळी. पाळी सुरू झाली की पहिलं काम म्हणजे एक बटण दाबायचं आणि भिंतभर पॅनेलवरचे सगळे दिवे लागतात का ते बघायचं. "दिवा विझलेला दिसतो तेव्हा दोन गोष्टी असू शकतात बघ. एक तर सगळं ठीक आहे, नाहीतर दिवाच उडालाय. बटण दाबल्याशिवाय कसं कळायचं?" एकदा एक दिवा उगाच लागतो म्हणून कुणी त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावून ठेवली होती. काकूंनी ती सगळ्यांदेखत खरवडून काढली. साहेब म्हणाले, "बाई, तो असाच लागतो." काकूंचं उत्तर मी त्यांच्या तोंडून निदान पाच-सहा वेळा ऐकलंय, दर वेळी त्याच ठसक्यात: "असाच लागत असेल तर दुरुस्त करा. माझ्या पॅनेलवर 'असाच' काही नसतं."

अशा बाईची गाठ देवानं शिंदेकाकांशी बांधली होती, यात त्याचा काय हेतू होता कोण जाणे. काका वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याच्या एका गाळ्यावर हिशेब लिहिणारे मेहताजी होते. माल विकला गेला की घाटावरच्या शेतकऱ्यांना फोन करून भाव सांगायचं काम त्यांचं. भाव पार कोसळला तरी काका म्हणायचे, "आज बाजार जरा नरम आहे." पलीकडच्या माणसाला एकदम धक्का बसू नये, एवढाच त्यांचा भाव. जन्मभर हे केल्यावर ती बोली अंगातच मुरली. घरात सिलिंडर संपला तर गॅस "थोडा मंद" असायचा. "ह्यांच्या तोंडून मला वाईट बातमी सरळ अशी कधी मिळालीच नाही," काकू सांगायच्या. "सासरे गेले तेव्हा म्हणाले, आण्णांना जरा बरं नाही, साताऱ्याला जाऊन येऊ. खंबाटकीचा घाट चढेपर्यंत मी गप्प बसले. मग विचारलं, किती वाजता गेले वो?" आम्ही तिघंही हसलो होतो. काका जरा जास्तच हसले होते.

डायलिसिसनं काकूंचं जगणं एवढंएवढंसं करून टाकलं होतं. पाणी मोजून, फळं जवळजवळ बंद, हाताला सुया, चार-चार तास एकाच खुर्चीत. त्या सेंटरच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे एसीचे डबे तेवढे दिसायचे. दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नाही, तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच खुर्ची. "बांधून घातलेल्या म्हशीला निदान रवंथ करता येतो," असं म्हणून त्या स्वतःच हसायच्या. हे सगळं त्या सोसत होत्या ते एका आशेवर. काका त्यांना आपली किडनी देणार होते. तपासण्या चालू होत्या. कॅनडातला मुलगाही ऑपरेशनच्या वेळी रजा काढून येणार होता. काकूंची धाकटी बहीण साताऱ्यात अंथरुणाला खिळलेली, तिला भेटायला जायचं होतं. पण प्रत्येक गोष्टीवर काका म्हणत, "ऑपरेशन झालं की निवांत जाऊ," आणि काकू मान डोलावत.

अशात गाडीला नवे टायर घातले. टायरवाल्याच्या पोरांनी चाक उतरवताना आतला सेन्सर मोडला, आणि चाकातली हवा कमी झाली की लागणारा पिवळा दिवा कायमचा लागून बसला. हवा अगदी ठीक, तरी दिवा चालूच. काकूंना ते कसं चालावं? पाम बीच रोडवर मध्येच "थांबवा" म्हणायच्या. काका कडेला गाडी घ्यायचे, उतरून चारही चाकं दाबून बघायचे, परत बसायचे. नेरूळ ओलांडलं की पुन्हा "थांबवा." नवा सेन्सर मागवला होता, तो काही येत नव्हता. एकदा या थांबवाथांबवीत पोचायला इतका उशीर झाला की सेंटरमधली काकूंची खुर्ची दुसऱ्या पेशंटला दिली गेली. सुजलेले पाय घेऊन त्या दुपारपर्यंत बाकावर बसून राहिल्या. काकांचा चेहरा त्या दिवशी बघवत नव्हता. बायकोला वेळेवर पोचवायचं तर गाडी थांबवता येत नाही, आणि गाडी न थांबवावी तर बायको जिवाच्या आकांतानं पुढचा रस्ता काढते. माणूस पुरता कात्रीत सापडला होता.

पुढच्या खेपेला काकू दाराला कुलूप लावत होत्या तेवढ्यात लिफ्टपाशी काका माझ्या कानाशी लागून म्हणाले, "बोनकोड्याला एक इलेक्ट्रिशियन आहे. लॅपटॉप लावून त्यानं ती टायरची सिस्टीमच बंद करून दिली. किरकोळ काम होतं. तू काही बोलू नकोस." दिवा विझला की प्रश्न मिटला, असा त्यांचा साधा हिशेब. लॅम्प टेस्ट ते साफ विसरले होते.

काकू बसल्या. पट्टा, पर्स, "फिरवा किल्ली." दिवे लागले. काकूंची मान डावीकडून उजवीकडे गेली आणि मध्येच अडली.

"टायरचा कुठंय?"

"दुरुस्त झाला," काका म्हणाले.

"दुरुस्त झाला असता तर लागून विझला असता. हा लागलाच नाही. परत फिरवा."

काकांनी परत फिरवली. मग आणखी एकदा. मागच्या सीटवर मी मोबाइलमध्ये डोकं घातलं, पण मोबाइलमध्ये काही दिसत नव्हतं. शेवटी काका पुटपुटले, "बंद करून घेतला. तुला उगीच टेन्शन येतं म्हणून. हवा मी रोज बघतो ना."

काकू ओरडतील असं मला वाटलं. त्या ओरडल्या नाहीत. काकांकडे वळून अगदी हळू म्हणाल्या, "आणखी काय काय बंद केलंय?"

काका म्हणाले, "काही नाही, काही नाही," आणि गाडी सुरू केली. उतरून पळावं असं मला वाटत होतं, पण पाम बीचवर उतरणार कुठं?

दोन दिवसांनी मला बेलापूरला जायचं होतं, म्हणून मी माझ्या गाडीत बसून त्यांच्या निघण्याची वाट बघत होते. दोघं आले, बसले. गाडी हलेना. मागच्या काचेतून मला दोन डोकी दिसत होती. काकूंचं काकांकडे वळलेलं, काकांचं सरळ समोर. मला ऐकू काहीच येत नव्हतं. मागे भिंत, पुढे ते दोघं, आणि नजर फिरवायला जागा नाही. मग काकांचं डोकं खाली गेलं ते थेट स्टिअरिंगवर, आणि हॉर्न वाजू लागला. वाजतच राहिला. वॉचमन धावत आला, त्याला मी हातानंच परत पाठवलं. काकूंनी काकांचं कपाळ धरून वर उचललं तेव्हा कुठे हॉर्न थांबला.

थोड्या वेळानं काकू काठी टेकत माझ्याकडे आल्या. "ह्यांना आत्ता चालवता यायचं नाही. तू नेशील?"

मी त्यांची गाडी घेतली. काकू माझ्या शेजारी, काका मागे. सानपाड्याच्या सिग्नलला काकू स्वतःच बोलल्या. "माझ्या हार्टला ऑपरेशन झेपणार नाही म्हणे. डॉक्टरांनी ह्यांना सांगून चार महिने झाले. तपासण्या चालू आहेत, चालू आहेत, म्हणत मला नुसतं बसवून ठेवलं."

मागून काकांचा आवाज आला, "तू खचशील असं वाटलं गं."

"खचलेच असते," काकू म्हणाल्या. "चार दिवस रडले असते, मग उठले असते. ते चार दिवस माझे होते. तुम्ही ते परस्पर खर्च केलेत." सिग्नल सुटला होता, मागचे हॉर्न मारत होते, आणि मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

आठवडाभर त्या काकांशी कामापुरतं बोलल्या. मग हळूहळू त्यांनी सगळं आपल्या हातात घेतलं. टायरची सिस्टीम पुन्हा सुरू करायला लावली, नवा सेन्सर बसवून घेतला. डॉक्टरांना बजावलं की जे सांगायचं ते मला सांगा, हे नुसते पर्स धरून शेजारी बसतील. साताऱ्यातल्या दवाखान्यात डायलिसिसची सोय लावून त्या बहिणीकडे जाऊन राहून आल्या. परतल्या तेव्हा थकल्या होत्या, पण इतक्या खुशीत मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. दोघी बहिणींनी म्हणे वडिलांच्या वाटणीवरून कडकडून भांडण केलं होतं. "फार बरं वाटलं," काकू म्हणाल्या. "आजारी म्हणून तिलाही कुणी भांडू देत नव्हतं."

आणि काकांची शिकवणी सुरू झाली. मी कधी संध्याकाळी वर गेले की ऐकू यायची.

"आमटी कशी झालीय?"

"किंचित…"

"किंचित काढा."

"खारट झालीय."

"हं. मेले का मी ऐकून?"

काका माझ्याकडे बघून कसनुसं हसायचे. या वयात माणूस काय बदलणार, असं मला वाटायचं. काकूंना तसं वाटत नव्हतं. "जमेल त्यांना," त्या म्हणायच्या. "मी असेपर्यंत जमायला पाहिजे मात्र. नंतर ह्यांना कोण विचारतंय?"

काकू गेल्या त्या सकाळी मी ऑफिसला निघाले होते. काका हॉस्पिटलातून रिक्षानं परतून बिल्डिंगखालच्या कट्ट्यावर बसलेले दिसले. मी जवळ गेले तर वर बघून म्हणाले, "गेली." बस, एवढंच. मी त्यांच्याशेजारी बसले. मला रडू आवरेना, काकांच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं. तेवढ्यात कॅनडाहून मुलाचा फोन आला. काकांनी तो माझ्याकडे दिला, मी स्पीकरवर लावून धरला. मुलगा रडत होता. रडता रडता त्यानं विचारलं, "बाबा, आई शांतपणे गेली ना?"

असं विचारल्यावर कोण काय सांगतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मीही तेच सांगितलं असतं.

"नाही रे," काका म्हणाले. "त्रास झाला तिला. खूप झाला. मी हात धरून बसलो होतो."