बंदरगडाची पाटी

पाटीवर माकड मीच काढलं होतं, खोटं काऊन बोलू? वैनगंगेतल्या बेटावर आमचा हा पडका बंदरगड. ग्रामपंचायतीनं काठावर लावाले नावाची पाटी रंगवाले सांगतली. बंदर म्हनजे माकड, हे आमच्याकडं शेंबड्या पोराले माहीत. मंग मी लाल तोंडाचं, लांबलचक शेपटीचं माकड रंगवलं. गाव खुश!

एक अंजनाबाई सोडून. सत्तरीची ढिवरीन, अजून स्वतः डोंगा हाकते, जाळं टाकते. पाटी पाहून ती चौकातच कडाडली, "पुस थे माकड! बंदर म्हनजे नावा लागाची जागा. समुद्राकडचं मीठ नावेत भरून इथी येत जाय. माह्या आज्यानं सांगतलं."

लोक खदाखदा हासले. मीही हासलो. जन्मभर सारे तिले 'बंदरवाली' म्हनून चिडवत आले, तिच्या आज्याले गप्पाड्या म्हनत आले. तिचे डोळे भरले. "मी मेल्यावर आज्याचं कोन सांगन? तुही पाटीच सांगन ना, पेंटर?"

मले लय वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मले डोंग्यात बसवून बेटावर नेलं. पान्याकडच्या भिंतीवरचा झाडोरा तिनं कोयत्यानं सारला. आत दगडाचा खुंटा, मांडीएवढा जाड. त्याच्याभोवती दोर घासून पडलेल्या खाचा.

तिनं आपल्या डोंग्याचा दोर एका खाचेत घातला. दोर ढिल्ला पडला. खाच मनगटाएवढी रुंद होती.

"आता सांग," ती म्हने, "एवढ्या जाड दोरानं इथी माकडं बांधत होते का रे?"

मी कान पकडले.

परत येऊन माकड पुसलं, मिठाची पोती भरलेली मोठी नाव काढली, काठावर दगडाचा खुंटा काढला. शेपटी मात्र झकास जमली होती, पुसाले जीव होईना. तिचाच दोर केला, नावेपासून खुंट्यापर्यंत.

सारं गाव पाहाले जमलं. कोनीतरी सवयीनं हाक मारली, "काय वो बंदरवाली?"

"हो, मीच! बोल," अंजनाबाई ठसक्यात म्हने. चेहरा असा खुलला होता का मलेही बरं वाटलं. मंग तिनं जवळ येऊन शेपटीवर बोट ठेवलं.

"गाठ काऊन नाई मारली, बाबू? आज्याची नाव वाहून जाईन ना."

मी ब्रश उचलला. ती सांगे तशी गाठ रंगवली, दोन फेऱ्यांची.