टाळ्यांची जागा

तीस वर्षं नाट्यगृहाचा पडदा ओढणाऱ्या काकांना गाणं कुठे संपणार, हे आधीच कळायचं. आजच्या वादकांनी मात्र त्यांची पार भंबेरी उडवली. ताल धरावा, तर मेला मधेच निसटायचा! तीनदा शांतता झाली, तीनदा काकांनी दोरी धरली आणि तीनही वेळा वाद्यं पुन्हा सुरू झाली. वीसेक श्रोते टाळ्यांसाठी हात उचलून अवघडून बसलेले. चौथ्या शांततेला काकांनी वैतागून पडदा पाडलाच. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

त्यांतला एक वादक धावत आला. "काका, अजून निम्मं बाकी होतं!"

"मग या टाळ्या कशाच्या?" काका गोंधळले.

वादक पडद्याआडून टाळ्या ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "उद्याही इथेच पाडाल?"